दुपारी वाशी, रात्री वर्सोवा: लखनभैया चकमक प्रकरणाचा अभ्यास

11 नोव्हेंबर 2006. रात्री आठच्या सुमारास मुंबईतल्या वर्सोवा भागात नाना-नानी पार्कजवळ पोलिसांच्या गोळीबारात रामनारायण गुप्ता ऊर्फ लखनभैया मरण पावला. पोलिसांच्या नोंदीनुसार तो छोटा राजन टोळीशी संबंधित होता आणि त्याच्यावर गुन्हे दाखल होते. तो त्या ठिकाणी येणार असल्याची खबर मिळाली, सापळा लावला, शरण येण्याऐवजी त्याने शस्त्र चालवलं, मग स्वसंरक्षणार्थ आम्हाला गोळीबार करावा लागला, असं पोलिसांनी सांगितलं. वर्सोवा पोलीस ठाण्यात एफआयआर नोंदला गेला तो मेलेल्या माणसाविरुद्ध, पोलिसांवर हल्ला केल्याबद्दल.

त्या काळातल्या मुंबईत अशी बातमी नवी नव्हती. 1982 साली वडाळ्यात मन्या सुर्वे मारला गेला तेव्हापासून शहराला ती ऐकायची सवय झाली होती. 1995 ते 1997 या काळातल्या सुमारे 99 चकमकी आणि त्यांत मारल्या गेलेल्या सुमारे 135 माणसांचा प्रश्न पीयूसीएल (पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज) या नागरी हक्क संघटनेने न्यायालयात नेला होता. चकमकफेम अधिकाऱ्यांचे फोटो छापून येत, त्यांच्या नावापुढे मारलेल्यांचा आकडा लिहिला जाई. त्यामुळे वर्सोव्याची ही चकमकही दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात दोन कॉलमांत संपून गेली असती.

ती संपली नाही, याचं कारण रामनारायणचा भाऊ वकील होता आणि चकमक होण्याच्या काही तास आधी त्याने काही कागद रवाना केले होते.

आधीचे कागद

त्याच दिवशी दुपारी साडेबाराच्या सुमारास रामनारायण आणि त्याचा एक मित्र यांना नवी मुंबईत वाशीहून काही माणसांनी गाडीत घालून नेलं. ही बातमी भावापर्यंत पोचली. त्याने संध्याकाळच्या आत वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले. माझ्या भावाला पोलिसांनी उचललं आहे आणि त्याच्या जिवाला धोका आहे, असा त्यांचा आशय होता.

पुढची सतरा वर्षं या कागदांनी प्रकरण जिवंत ठेवलं. पोलिसांची हकीकत उभी होती ती रामनारायण रात्री आठ वाजता मोकळा होता आणि स्वतःच्या पायांनी पार्कपाशी आला, या एका गृहीतकावर. तो दुपारपासून ताब्यात असेल तर खबर, सापळा, शरण येण्याचं आवाहन आणि स्वसंरक्षण हे सगळंच कोसळतं. आठ तास तो कुठे होता, एवढाच या खटल्याचा खरा प्रश्न होता. तारेवर तार कार्यालयाची वेळ पडते, फॅक्सवर यंत्राची. तो माणूस जिवंत असताना, पुढे काय होणार हे कोणालाच ठाऊक नसताना, पोलिसांच्या हाताबाहेर ही नोंद झाली होती. मृत्यूनंतर नातेवाईक काहीही म्हणाले तरी त्याला ‘बनाव’ म्हणून झटकता येतं. मृत्यूच्या आधी पाठवलेल्या तारेला ते लागू पडत नाही.

पोलिसी बळाच्या वापरावर आपल्याकडे जी चर्चा होते, ती बहुतेक वेळा गोळी सुटली त्या क्षणाची असते. त्याने आधी शस्त्र काढलं का, पायावर मारता आलं नसतं का, धोका किती होता? हे प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्या क्षणाचे जिवंत साक्षीदार जवळजवळ नेहमी गोळी झाडणारेच असतात. उत्तरदायित्व ठरतं त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या नोंदींवर. स्टेशन डायरीत काय लिहिलं, शस्त्रागारातून कोणतं शस्त्र कोणाच्या नावावर केव्हा बाहेर गेलं, मोबाईल कोणत्या टॉवरच्या हद्दीत होता, पंचनामा कोणी केला. लखनभैया प्रकरण अभ्यासायचं ते यासाठी.

कायदा काय सांगत होता

2006 साली कायदा अपुरा होता असं म्हणायला जागा नाही. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 46 नुसार अटकेला विरोध करणाऱ्यावर आवश्यक तेवढं बळ वापरता येत होतं. पण फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्याचा आरोप नसलेल्या माणसाचा जीव अटक करताना घेण्याचा अधिकार त्या कलमात नाही, हेही त्यातच स्पष्ट लिहिलं होतं. आज हीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 43 मध्ये आहे. ज्याच्यावर असा गंभीर आरोप आहे त्याला मारण्याची मुभा यातून मिळते, असा उलटा अर्थ काही जण काढतात. तो चुकीचा आहे. तिथेही बळ अटकेसाठीच आवश्यक असावं लागतं. स्वसंरक्षणाचा हक्क पोलिसालाही सामान्य माणसाइतकाच होता आणि आहे. गणवेशामुळे तो वाढत नाही.

तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 105 नुसार स्वसंरक्षणाचा बचाव घेणाऱ्यानेच तो दाखवून द्यायचा असे. पण हा नियम कामाला येतो तो खटला उभा राहिल्यावर. एफआयआर मृताविरुद्ध असेल तर आरोपी मेलेला, फिर्यादी पोलीस आणि तपासही पोलिसांचाच. आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद होतं आणि गोळी झाडणाऱ्याला कोणापुढेही काही सिद्ध करावं लागत नाही. कितीतरी चकमकी या वाटेने फायलीत गेल्या. कायदा मोडायची गरजच पडत नव्हती. कागद कोणत्या नावाने उघडायचा, हे पोलीस ठरवत होते आणि तेवढं पुरत होतं.

आणखी एक योगायोग नोंदवायला हवा. पोलीस सुधारणांवरचा प्रकाश सिंग निकाल सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिला, म्हणजे या घटनेआधी दोन महिन्यांच्या आतच. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी राज्य आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र प्राधिकरण असावं, असा स्पष्ट आदेश त्यात होता. महाराष्ट्राने त्यासाठी कायद्यात बदल केला तो 2014 मध्ये. दरम्यान गुप्ता कुटुंबाला जायला उच्च न्यायालयाखेरीज दुसरी जागा नव्हती.

एफआयआर होईपर्यंत

चकमकीनंतर चार दिवसांनी, 15 नोव्हेंबर 2006 रोजी, भावाने मुंबई उच्च न्यायालयात याचिका दाखल केली. फेब्रुवारी 2008 मध्ये न्यायालयाने न्यायदंडाधिकाऱ्यांकडून चौकशी करायला सांगितलं. ऑगस्टमध्ये अहवाल आला. त्याचा निष्कर्ष होता की रामनारायणचा मृत्यू पोलिसांच्या ताब्यात असताना झाला. तरीही गुन्हा लगेच दाखल झाला नाही. ऑगस्ट 2009 मध्ये उच्च न्यायालयाने उपायुक्त के. एम. एम. प्रसन्ना यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं आणि 20 ऑगस्ट 2009 रोजी खुनाचा एफआयआर नोंदला गेला.

मृत्यूपासून एफआयआरपर्यंत दोन वर्षं आणि नऊ महिने. खुनाच्या तपासात पहिल्या काही दिवसांचं मोल काय असतं, हे कोणताही तपास अधिकारी सांगेल. रक्ताचे डाग, गोळ्यांची दिशा, हातावरचे बंदुकीच्या दारूचे कण, आजूबाजूच्या लोकांची ताजी आठवण, यातलं जवळपास काहीच पावणेतीन वर्षांनी मिळत नाही. विशेष पथकाला जे मिळालं ते कागदांतून: डायरीतल्या नोंदी, शस्त्रांच्या नोंदी, फोन कॉलचे तपशील. बनावट हकीकत रचणाऱ्यांना प्रत्येक रजिस्टर एकमेकांशी जुळवून ठेवणं जमत नाही. तपास पुढे सरकला तो या विसंगतींच्या आधारावर.

अभियोजनाच्या, म्हणजे सरकारी पक्षाच्या, मांडणीनुसार हा टोळीयुद्धाचा किंवा कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्नच नव्हता. मालमत्तेच्या व्यवहारातल्या एका प्रतिस्पर्ध्याच्या वैरातून पोलिसांना हाताशी धरून केलेला हा खून होता. म्हणूनच आरोपींत पोलिसांबरोबर खासगी माणसंही होती. जानेवारी 2010 मध्ये प्रदीप शर्मा यांना अटक झाली. शंभरहून अधिक चकमकींचं श्रेय ज्यांना वर्तमानपत्रं देत आली होती, तेच हे अधिकारी.

इथे थोडं थांबावंसं वाटतं. चकमकींना पाठिंबा देणारे लोक दुष्ट नसतात. खंडणीचे फोन आलेला व्यापारी, टोळीच्या दहशतीत राहणारी वस्ती, वर्षानुवर्षं न संपणारे खटले, हे सगळं खरं होतं. ‘गुंडच मेला ना?’ हा प्रश्न त्या थकव्यातून येतो. पण मारण्याचा अधिकार एकदा न विचारता दिला की तो कोणासाठी वापरला जातोय, हे देणाऱ्याला कळत नाही. नाना-नानी पार्कजवळ गोळ्या सुटल्या त्या शहराच्या रक्षणासाठी, असं लोकांना वाटत होतं. न्यायालयापुढे आलं ते वेगळंच.

जामिनाचा निकाल

आरोपी पोलिसांपैकी काहींना सत्र न्यायालयाने दिलेला जामीन उच्च न्यायालयाने रद्द केला आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. 13 मे 2011 रोजी न्या. मार्कंडेय काटजू आणि न्या. ग्यान सुधा मिश्रा यांनी जामीन रद्दच ठेवला. बनावट चकमक म्हणजे थंड डोक्याने केलेला खून, वरिष्ठांचा हुकूम हा त्यावरचा बचाव होऊ शकत नाही, असं त्यांनी नाझी अधिकाऱ्यांवरच्या न्यूरेंबर्ग खटल्यांचा दाखला देत म्हटलं. अशा पोलिसांना दुर्मिळातली दुर्मिळ बाब मानून फाशी द्यावी, असंही म्हटलं.

हुकमाचा बचाव नाकारणारा भाग मला या निकालाचा खरा ठेवा वाटतो. शिपायापासून निरीक्षकापर्यंत प्रत्येकाला त्यातून कळतं की ‘साहेबांनी सांगितलं’ हे पुरणार नाही. फाशीच्या उल्लेखाबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पुरावा तपासला जाण्याआधी, जामिनाच्या टप्प्यावर, शिक्षेची भाषा करण्याने उत्तरदायित्व बळकट होत नाही. जबर शिक्षेच्या भीतीने आरोपी आणि त्यांचे सहकारी साक्षीदारांवर आणखी दबाव टाकण्याचा धोका असतो. चकमक खोटी असेल तर खटला नक्की उभा राहील, एवढी खात्री पोलीस दलात निर्माण झाली तरी खूप होतं.

साक्षीदार

दबावाची गोष्ट निघालीच आहे. वाशीहून रामनारायणबरोबर ज्या मित्राला उचललं होतं, तो जिवंत राहिला होता. त्या आठ तासांचा, पोलिसांबाहेरचा, एकमेव प्रत्यक्ष साक्षीदार. चकमकीनंतर त्याला लगेच सोडलं नव्हतं. कित्येक दिवस त्याला अंधेरीतल्या एका हॉटेलात डांबून ठेवल्याचं पुढे समोर आलं. त्याची पत्नी त्याच दिवशी नवरा बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन वाशी पोलिसांकडे गेली होती. मृत्यूच्या आधीच्या कागदांत या तक्रारीचीही भर पडली.

मार्च 2011 मध्ये, न्यायालयात साक्ष देण्याच्या काही दिवस आधी, हा माणूस घरातून निघाला आणि परतला नाही. मनोर भागात त्याचा मृतदेह सापडला. ओळख पटवायला डीएनए तपासणी करावी लागली.

पोलिसांवरच्या खटल्यात साक्षीदाराला संरक्षण कोण देणार? पोलीस. त्याला समन्स कोण बजावणार? पोलीस. तो कुठे राहतो, कधी बाहेर पडतो, त्याची साक्ष कोणत्या तारखेला आहे, हे सगळं ज्या व्यवस्थेला माहीत असतं, तिच्यातलीच माणसं आरोपी असतात. साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली डिसेंबर 2018 मध्ये. पण त्या योजनेतही साक्षीदाराला किती धोका आहे याचा अहवाल पोलीस अधिकाऱ्याकडूनच येतो. पोलीसच आरोपी असतील तेव्हा हा अहवाल त्या दलाबाहेरच्या यंत्रणेने करावा, ही दुरुस्ती अजून व्हायची आहे. या प्रकरणातून एकच बदल मागायचा झाला, तर मी हा मागेन.

निकाल, त्यावर निकाल

12 जुलै 2013 रोजी सत्र न्यायालयाने 21 जणांना जन्मठेप सुनावली: 13 पोलीस आणि आठ खासगी व्यक्ती. प्रदीप शर्मा निर्दोष सुटले. मृताच्या शरीरातली गोळी त्यांच्या शस्त्रातून सुटल्याचं अभियोजनाचं म्हणणं न्यायालयाने मानलं नाही. (ज्या तारेने या खटल्याला आधार दिला, ती सेवा देशभरात बंद झाली तीही त्याच आठवड्यात, 14 जुलैच्या रात्री.)

डिसेंबर 2015 मध्ये राज्य सरकारने शिक्षा भोगत असलेल्या 11 पोलिसांची शिक्षा सहा महिन्यांसाठी स्थगित केली. न्यायालयाने दोषी ठरवलेल्या माणसांना कार्यकारी आदेशाने बाहेर काढण्याचा हा निर्णय उच्च न्यायालयाने 2019 मध्ये रद्द केला, पण त्यातून एक गोष्ट उघड झाली. ज्या सरकारने या पोलिसांविरुद्ध खटला चालवला आणि शर्मांच्या सुटकेविरुद्ध अपीलही केलं, त्याच सरकारचं दुसरं खातं दोषींसाठी दार उघडत होतं. फौजदारी खटल्यात राज्य फिर्यादी असतं. आरोपी राज्याचेच नोकर असले की त्या फिर्यादीचा जीव दोन्हीकडे ओढला जातो. कोणताही पक्ष सत्तेत असला तरी हा ताण राहतो.

शर्मा दरम्यान पोलीस दलात परतले, पुन्हा बाहेर पडले आणि 2019 ची विधानसभा निवडणूक नालासोपाऱ्यातून शिवसेनेच्या तिकिटावर लढून हरले.

19 मार्च 2024 रोजी न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने अपिलांवर निकाल दिला. हयात असलेल्या 12 पोलिसांची आणि एका खासगी आरोपीची जन्मठेप कायम राहिली, सहा खासगी आरोपी सुटले. दोन दोषी अपील चालू असतानाच मरण पावले होते. शर्मांची सुटका विपर्यस्त आणि टिकू न शकणारी ठरवून न्यायालयाने त्यांनाही जन्मठेप दिली. कायद्याच्या रक्षकांना गणवेशातले गुन्हेगार होऊ देता येणार नाही, असं खंडपीठाने बजावलं. घटनेपासून सतरा वर्षं आणि चार महिने झाले होते. सर्वोच्च न्यायालयाने त्याच एप्रिलमध्ये शर्मांना तूर्त शरण न जाण्याची मुभा दिली, त्यामुळे दोषसिद्धी अजून अंतिम झालेली नाही, हेही इथे नोंदवतो.

आज तसंच घडलं तर

23 सप्टेंबर 2014 रोजी पीयूसीएलच्या त्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 16 मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. त्यातली कितीतरी लखनभैया प्रकरणातल्या भोकांवर नेमकी बसतात. खबर मिळाली तर ती आधी लेखी किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात नोंदवायची. मृत्यू झाला की एफआयआर आणि तो न्यायालयाकडे. तपास सीआयडीकडे किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाकडे, आणि देखरेख करणारा अधिकारी चकमकीच्या प्रमुखापेक्षा किमान एक पायरी वरचा. दंडाधिकारी चौकशी सक्तीची. शस्त्रं तपासणीसाठी जमा. शौर्य निःसंशय सिद्ध होईपर्यंत पदक नाही, बढती नाही. डिसेंबर 2020 मध्ये परमवीर सिंग सैनी निकालाने प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही आणि त्याचं चित्रण किमान वर्षभर जपण्याचा आदेश दिला. 2006 मध्ये ‘आठ तास कुठे होता’ याचं उत्तर तार, फॅक्स आणि टॉवरच्या नोंदींतून जोडावं लागलं. आज कॅमेरा चालू असेल तर तो थेट दाखवू शकतो. चालू असेल तर.

या तत्त्वांची परीक्षा बरोबर दहा वर्षांनी महाराष्ट्रातच झाली. 23 सप्टेंबर 2024 रोजी बदलापूर अत्याचार प्रकरणातला आरोपी तळोजा कारागृहातून नेला जात असताना पोलिसांच्या गाडीत, मुंब्र्याजवळ, गोळी लागून मेला. त्याने पिस्तूल हिसकावल्याचं पोलिसांनी सांगितलं. जानेवारी 2025 मध्ये दंडाधिकारी अहवालाने पाच पोलिसांना जबाबदार धरलं. तरी एफआयआरसाठी उच्च न्यायालयाला एप्रिलमध्ये विशेष पथकाचा आदेश द्यावा लागला, आणि पथक कोणी नेमायचं हे मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने बदललं. मधल्या काळात मृताच्या आईवडिलांनी आपल्याला प्रकरण पुढे न्यायचं नाही, असं न्यायालयाला सांगितलं. त्यांची परिस्थिती पाहता त्यांना दोष देता येणार नाही. न्यायालयाने न्यायमित्राच्या, म्हणजे आपल्या मदतीला नेमलेल्या वकिलाच्या, मदतीने सुनावणी चालू ठेवली म्हणून प्रकरण तिथेच संपलं नाही.

दोन्ही प्रकरणं शेजारी ठेवली की फरक लगेच दिसतो. गुप्ता कुटुंबात वकील होता, कोणाला काय आणि कधी पाठवायचं हे त्याला माहीत होतं, आणि सतरा वर्षं तो हटला नाही. ज्याच्या घरी असा भाऊ नाही, त्याच्या मृत्यूची चौकशी नातेवाइकांच्या दमावर सोडता येणार नाही. दंडाधिकाऱ्याच्या अहवालात मृत्यू संशयास्पद ठरला की कोणाच्याही अर्जाची वाट न पाहता ठरावीक दिवसांत पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदलाच पाहिजे, आणि तपास त्या पोलीस आयुक्तालयाबाहेर गेला पाहिजे. त्यासाठी नव्या घटनादुरुस्तीची गरज नाही. राज्य सरकारच्या एका आदेशाने आणि विधिमंडळाने ठरवलेल्या मुदतीने हे होऊ शकतं.

साक्षीदाराच्या खुनाचा तपास सीआयडीकडे होता. 2024 च्या निकालात उच्च न्यायालयाने त्या खुनाबद्दल खेद व्यक्त केला. इतक्या वर्षांत मारेकऱ्यांना शिक्षा झाली नाही, ही त्याच्या कुटुंबासाठी न्यायाची थट्टा असल्याचं म्हटलं आणि तपास तडीस न्यायला सांगितलं. चकमकीच्या खटल्यातली अपिलं सर्वोच्च न्यायालयात जेव्हा ऐकली जातील तेव्हा ऐकली जातील. या दुसऱ्या खुनाच्या तपासाची सद्यस्थिती मात्र सीआयडीने आजच जाहीर करायला हवी.